समोरच्या घरातलं चित्र

बसवनगुडीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कौशल्याक्कांना चित्रांतलं काही कळत नव्हतं. एकदा कलाशाळेच्या प्रदर्शनात त्या एका चित्रापुढे थबकल्या. राखाडी रंगावर एकच तांबडी रेघ, बाकी काही नाही. शेजारी उभ्या असलेल्या चित्रकाराला, दयानंदला, त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

"अक्का, मीसुद्धा तेच शोधतोय."

जन्मभर त्यांनी उत्तरं ठरलेली गणितं शिकवली होती. हा जबाब त्यांना फार आवडला. त्यांनी ते चित्र विकत घेतलं आणि दयानंदला रंगकामासाठी गच्चीवरची खोली मोकळी करून दिली. मग त्याचे मित्रही येऊ लागले. चित्रांनी भिंती भरल्या, तेव्हा अक्कांनी ती शेजाऱ्यांना महिनाभर घरी लावायला द्यायला सुरुवात केली.

समोरच्या गंगव्वा मात्र हसायच्या. "ती तांबडी रेघ? पोरानं भिंत खरडल्यासारखी दिसते!"

पण नवरा गेल्यावर त्याच एकदा दारात आल्या. "अक्का, ते रेघेचं चित्र स्वल्प दिवस देता?"

महिना उलटला, तरी चित्र परत येईना. शेवटी अक्काच समोर गेल्या. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लावलं होतं.

"न्यायला आलात?" गंगव्वांचा चेहरा उतरला.

"छे! तुला यात काय दिसतं, ते विचारायला आले."

"रोज वेगळं दिसतं. कालचं सांगू की आजचं?"

"दोन्ही सांग," म्हणत अक्कांनी खुर्ची ओढली.