पुसलेली खोक

आमच्या शेजारच्या फोटोवाल्याने जन्मात ब्रश हातात धरला नाही, दाढीचा सोडून. तरी गल्ली त्याला चित्रकार म्हणते. फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचा, सुरकुत्या, डाग, मस पुसून चेहरा सोललेल्या अंड्यासारखा करायचा, मग त्यावर माउसने रंगाचे फटकारे ओढायचे, की झालं तैलचित्र. पंधरा वर्षांत त्याने इतके चेहरे धुतले, की बायकोचा तीळ कुठल्या गालावर आहे हे त्याला सांगता येत नाही. तीच सांगते मला.

मंगळवारी दोघे भाऊ वारलेल्या वडिलांचं चित्र न्यायला आले. थोरला वेल्डर, धाकटा ट्रक चालवतो. म्हातारी आई बाहेर बाकावर टेकली. वडिलांच्या कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत जुनी खोक होती. ती थोरल्यानेच घातली, असं धाकटा पंचवीस वर्षं म्हणत आलेला. खोक पडली त्या सकाळी थोरल्याचं वडिलांशी वाजलं होतं, एवढाच पुरावा. वडील तर तोंड न उघडताच गेले. म्हणून धाकट्याने चित्र मुद्दाम मोठं करायला दिलेलं. खोक रोज भिंतीवर दिसावी, थोरल्याच्या घशाखाली घास उतरू नये.

चित्रकाराने कागद काढला. कपाळ गुळगुळीत.

"तूच सांगितलंस ना पुसायला?" धाकटा थोरल्याला म्हणाला.

"मी ह्या माणसाला आज पहिल्यांदा बघतोय."

"अहो, मी सगळ्यांचंच पुसतो," चित्रकार म्हणाला. खरं तेवढंच होतं, पण ऐकतो कोण.

धाकट्याने कॅमेऱ्याचा स्टँड थोरल्याच्या बरगडीत घातला. थोरल्याने त्याचं तोंड धरून काउंटरवर आपटलं. काच फुटली, ओठ फाटला, पासपोर्ट फोटो रक्ताने भिजले. "दादा, दादा" करत चित्रकार मधे शिरला आणि स्टँडचा पुढचा तडाखा त्याच्या भुवईवर बसला. भिंतीपलीकडे माझं इस्त्रीचं दुकान; मी गरम इस्त्री हातात घेऊनच धावले. तोवर धाकट्याची मान थोरल्याच्या गुडघ्याखाली आणि थोरल्याच्या हातात काचेचा तुकडा.

"आज मारतोच," तो म्हणत होता. "निदान मी डोकं फोडणारा, हे तुझं म्हणणं तरी खरं होऊ दे."

"सोड त्याला," दारातून आई म्हणाली. "खोक मी घातली. बत्त्याने."

ती काचा तुडवत आत आली.

"वीस वर्षं मार खाल्ला, एकदा परत केला. त्यानंतर त्यांचा हात उठला नाही."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस, आई?" थोरल्याने विचारलं.

"हा तुझ्यावर ढकलत होता, माझं भागत होतं. आणि ते कुठे सांगणार, बायकोने फोडलं म्हणून?"

थोरल्याने तुकडा खाली ठेवला, अगदी अलगद, जसा काही फुटेल.

आई कॉम्प्युटरसमोर बसली. "भाऊ, परत आणता येईल ती?"

चित्रकाराने एका हाताने भुवईच्या वाहत्या जखमेवर फडकं दाबत मूळ फोटो उघडला. खोक होती तिथेच होती.

"जरा ठळक करा. रंगवा."

"रंग कुठला घेऊ?"

तिने त्याचा फडक्याचा हात बाजूला केला आणि नीट बघितलं. "हाच," म्हणाली.