स्लॅबवर तुसाचा थर

सिमेंटच्या कारखान्यांवर जगणाऱ्या आमच्या गडचांदूरमध्ये सिमेंटला नावं ठेवणं म्हणजे घरच्या देवाला नावं ठेवणं. मी ठेवते. मे महिन्यात भर दुपारी माझ्या आईच्या खोलीत येऊन बसा, तुम्हीही ठेवाल. बाबा मिस्त्री होते. या खोलीचा स्लॅब त्यांनी स्वतः टाकला आणि पक्कं घर झालं म्हणून गल्लीभर मिरवले. घर पक्कं आहे, त्यात वादच नाही. दिवसभर ऊन पितं आणि रात्रभर ते आमच्या अंगावर ओततं.

खुब्याचं हाड मोडल्यापासून आई खाटेवरच असते. खाट खिडकीशी आहे आणि खिडकी गल्लीत उघडते, त्यामुळे भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांशी तिचं बोलणं चालू असतं. मी त्याच खोलीत शिलाई मशीन चालवते. मागच्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं. घरात, खाटेवर, कूलर असताना! लाइट गेली की कूलर म्हणजे नुसता डबा. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. नागपूरहून मोठा भाऊ धावत आला आणि तिथेच जाहीर करून मोकळा झाला, की पुढच्या उन्हाळ्यात आईला तो घेऊन जाणार.

त्याच्या फ्लॅटमध्ये एसी आहे. पण आईची खोली मागच्या बाजूला आहे आणि तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. आई तिथे एकदा राहून आली होती. परत आल्यावर म्हणाली, "तिथी माह्यासंग टीव्हीच बोलते." तिला जायचं नव्हतं. मला तिला पाठवायचं नव्हतं. मी भावाला म्हटलं, "छप्पर थंड केलं तर?" तो हसला. त्या हसण्यानेच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

वर पत्रे टाकावेत तर वावधुळीत ते उडून शेजाऱ्याच्या अंगणात जातात. वर मातीचा जाड थर द्यावा तर स्लॅबला तेवढा भार झेपायचा नाही. बाबांचे जोडीदार मिस्त्री, ज्यांना आम्ही चाचा म्हणतो, त्यांनी स्लॅबखालचे तडे पाहून साफ सांगितलं, "बाई, हलकं काही असंल तर बोल." मग मी हलक्याच्या मागे लागले. मावशीच्या घरी, वडशाला, मातीच्या भिंती उन्हाळ्यात गार असतात, कारण त्यांच्या मातीत तूस असतं. राईस मिलमध्ये धान भरडलं की उडतं ते टरफल. मातीत चालतं तर सिमेंटमध्ये का नाही चालणार?

मावशीने तुसाची पोती पाठवली आणि फोनवर रीतही सांगितली. मातीत तूस कालवायचं, वर ओलं पोतं टाकायचं, रात्रभर मुरू द्यायचं. तिकडे मुरवल्याशिवाय भिंतीला कोणी हात लावत नाही. मी तेच केलं. सिमेंट, तूस, पाणी कालवलं, ओल्या पोत्याखाली झाकलं आणि निवांत झोपले. मिस्त्रीची पोरगी मी! सकाळी घमेलं उलटं केलं तर वरून कुरकुरीत, आतून ओलं, ना दगड ना माती. चाचांनी कपाळाला हात लावला. "सिमेंट कोनी मुरवते का? थे का लोनचं आहे?" दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं. येणारा-जाणारा खिडकीतून विचारायचा, लोणचं झालं का? आईच त्यांना उत्तर द्यायची, "झालं का पाठवतो. बरनी घेऊन ये."

दुसऱ्या वेळी कालवल्याबरोबर लादीच्या साच्यात ओतलं. तरीही लादी बोटाने भुगा होत होती. चाचांनी हात टेकले. मी टेकले नाहीत. तूस नुसतं पाण्यात भिजवून पाहिलं, तर पाण्याला चहाचा रंग आला. तुसातून जे सुटत होतं ते सिमेंटला घट्ट होऊ देत नव्हतं. मोबाइलवर शोधलं तर चुन्याचा उपाय निघाला. म्हणजे मावशीची रीत खरीच होती, मुरवायचंच होतं. फक्त आम्ही भलत्याला मुरवलं होतं. मग तूस चुन्याच्या निवळीत रात्रभर ठेवलं, धुतलं, उन्हात वाळवलं. थोड्या सिमेंटऐवजी वीज केंद्राची बारीक राख घातली. दुकानातून पाणी कमी लागावं म्हणून घालतात ते औषध आणलं, कारण चाचांचं म्हणणं होतं, की जास्त पाण्यामुळे तडे जातात. यावेळची लादी आठवडाभर ओली ठेवली. हातात घेतली तर हलकी, आपटली तर शाबूत. मी नाचायचीच बाकी होते.

पण थंडीच्या दिवसांत गरमी अडते की नाही हे कळणार कसं? युक्ती आईने काढली. गॅसवर मोठा तवा ठेवायला लावला. त्यावर एक साधी सिमेंटची लादी, एक तुसाची, सारख्या जाडीच्या, आणि दोन्हींवर थिजलेल्या तुपाचा एकेक गोळा. ती खाटेवरून पंचासारखी बघत होती. साध्या लादीवरचं तूप पसरून खाली ओघळलं, तरी तुसाच्या लादीवर गोळा बसून होता. "टाका वर," आई म्हणाली. मग म्हणाली, "अन् थे तूप वाया घालू नका."

होळीआधी स्लॅबवर त्याच मालाचा थर टाकला. वर पावसासाठी ढाळ देऊन पातळ गिलावा आणि चुन्याचे पांढरे हात. शेजारचे ठेकेदार नाक मुरडून म्हणाले, "सिमेंटच्या गावात भुस्याचं छप्पर!" मी म्हटलं, "हो, आहे. बघायचं असंल तर चप्पल काढून वर या." आले नाहीत.

मे महिन्यात भाऊ न सांगता आला. भर दुपारी. गाडीच्या मागच्या सीटवर आईला आडवं करता यावं म्हणून मऊ, जाड उशी घेऊन. नेमकी तेव्हाच लाइट गेलेली. तो खुर्चीवर बसला, छताकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली. खोली थंड नव्हती, हे मलाही दिसत होतं. मागच्या वर्षीसारखी भट्टी नव्हती, एवढंच.

"गरम तर होऊनच राह्यलं," तो म्हणाला.

"उन्हाळा आहे, तर गरम होईलच," आई म्हणाली. "हिनं काय शिमला करून देतो म्हटलं होतं? मागच्या साली याच वक्ताले मले कोनी हाक मारली तं समजत नव्हतं. आज तुह्यासंग भांडून राह्यली."

"माय, पन माह्या घरी..."

"तुह्या घरी तू राह्य. मले इथी सहन होते. तुले होत नसंल तर बाहेर लिंबाखाली बस, चहा तिथी पाठवतो."

तो गेला नाही. चहा आतच प्याला, घाम पुसत. दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं. मी मशीन थांबवलं नाही. ऊन उतरल्यावर उठला, आईच्या पाया पडला आणि गाडीकडे निघाला. आईने त्याला खिडकीतून हाक मारली. तो आशेने मागे वळला.

"थे उशी ठेवून जा," ती म्हणाली. "चांगली आहे."