पांढऱ्या कापडाचं दुकान

माझ्या सासऱ्यांइतका दमलेला माणूस उभ्या हिंगोलीत दुसरा नव्हता. शेतात राबून दमणारे पुष्कळ होते, जिनात कापूस उपसून दमणारेही होते, पण त्यांचं दमणं भाकरी खाऊन अंग टाकलं की उतरायचं. मामंजींचं उतरायचं नाही. ते झोपेतून उठत तेच दमलेले उठत. दात घासता घासता भिंतीला टेकत, चहाची बशी ओठांशी नेताना वाटेत थांबून श्वास घेत, आणि पायात वहाणा सरकवल्या की ‘चला’ म्हणून पुन्हा तिथेच पायरीवर बसत. हे ‘चला’ कुणाला उद्देशून असे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई म्हणायच्या की लग्नाच्या बोहल्यावरही ते उभ्या उभ्या पेंगत होते आणि अंतरपाट दूर झाल्यावर भटजींनी त्यांना हलवून जागं केलं. यात किती खरं, किती सासूबाईंचं, देव जाणे. पण मी त्यांना पाहिलेलं असल्यामुळे मला ते खोटं वाटलं नाही.

आमचं दुकान मर्तिकाच्या सामानाचं. मध्यस्थाने माझ्या वडिलांना सांगितलं होतं, मुलाच्या घरी कापडाचं दुकान आहे. तेही खोटं नव्हतं. दुकानात कापड होतं, फक्त एकाच रंगाचं. माझं माहेर कळमनुरीकडच्या एका खेड्यातलं. वडील दुकान पाहायला आले तेव्हा मामंजींनी बांबू मागच्या परसात आणि मडकी पोत्याखाली दडवली नाहीत की काही नाही, सगळं तसंच समोर ठेवलं. वडिलांनी बांबू पाहिले, सुतळीची बंडलं पाहिली, कडब्याच्या पेंढ्या पाहिल्या, आणि त्यांना वाटलं जावयाकडे शेतीही बरी असावी. मला उलगडा झाला तो लग्नानंतर. एक माणूस ओट्यावर येऊन उभा राहिला. हाक नाही, खाकरणं नाही, नुसता उभा. पोत्यावर डोळे मिटून पडलेले मामंजी उठून बसले, त्याच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “पोरी, यांना पाणी दे.” आमच्या दुकानात गिऱ्हाईक असंच यायचं. कोण गेलं, कशानं गेलं हे मामंजी कधी विचारत नसत. आधी पाणी पाजत, मग सुतळी मोजायला घेत, आणि तो माणूस आपण होऊन बोलू लागेपर्यंत सुतळी मोजतच राहत.

घरातल्या प्रत्येकाला काम होतं. माझे यजमान बांबू तासायचे, सासूबाई कापड फाडायच्या, मी आणि माझी नणंद सुतळीचे पेड वळायचो. पण सामान देऊन मामंजींचं काम संपत नसे. ते सामानाबरोबर जात. ताटी बांधत, खांदा देत, कयाधू नदीच्या काठावर लाकडं रचत, आणि सगळे परतले तरी विस्तव नीट धरेपर्यंत तिथे बसून राहत. जात पाहायची नाही, वस्ती पाहायची नाही. इतक्या वर्षांत त्यांचा उजवा खांदा डाव्याहून खाली आला होता आणि सदरा नेहमी त्या बाजूने घसरलेला असे. घरी आले की अंघोळ. कधी दिवसातून तीन तीनदा. आडाचं पाणी ओढणारी मी. एकदा हात भरून आले तेव्हा मी सासूबाईंपाशी कुरकुरले, ते मामंजींनी ऐकलं असावं. त्यानंतर ते नदीवरच बुडी मारून ओलेत्याने घरी येऊ लागले. पौषातली थंडी, दात वाजतायत, आणि विचारलं तर म्हणायचे, नदीचं पाणी कोमट आहे. शेवटी मीच ओट्यावर पाण्याची घागर आणून ठेवली तेव्हा ते थांबलं.

त्यांची एक खोड मात्र घराला फार महागात पडली. ते कुणालाही ‘पुन्हा या’ म्हणत नसत. आपल्या दुकानातून हा शब्द निघू नये, अशी त्यांची समजूत. पुढे तो घरातूनही निघेनासा झाला. नणंदेचं लग्न झाल्यावर जावईबापू पहिल्यांदा मुक्कामाला आले, पुरणपोळी खाऊन, आहेर घेऊन निघाले आणि दारात वाकून ‘येतो’ म्हणाले. मामंजी गप्प. जावई पुन्हा म्हणाले, ‘येतो.’ मामंजींनी खूप विचार केला आणि म्हणाले, “असू द्या.” जावई जे रुसले ते दिवाळीलाही फिरकले नाहीत. सासूबाईंना वसमतच्या वाटेवर त्यांच्या गावी जाऊन हा खुलासा करावा लागला, आणि खुलासा ऐकून व्याह्यांनी जावयाला सांगितलं म्हणे की, त्यांनी ‘या’ म्हटलं नाही हेच बरं झालं.

आजाऱ्याला भेटायला जायची त्यांना फार हौस, आणि नेमकं तेच त्यांच्या नशिबात नव्हतं. जवळच्या एका खेड्याचे म्हातारे पाटील त्यांचे जुने स्नेही. ते तापाने अंथरुणाला खिळले, अन्नपाणी सोडलं, तेव्हा मामंजींना राहवलं नाही. दारात जाऊन उभे राहिले मात्र, पाटलांनी डोळे उघडले, यांना पाहिलं आणि जे उठून बसले ते, “अजून म्या हाय, तुमाला कुणी बोलावलं?” म्हणून त्यांनी तांब्याच फेकला. मग त्या रागात दूध प्याले, भाकरी खाल्ली, आणि पुढे चांगली चार वर्षं काढली. त्यानंतर आसपासच्या घरांतून निरोप येऊ लागले की आमच्या म्हाताऱ्यानं जेवण टाकलं आहे, जरा दारावरून जाऊन या. मामंजी जात. येताना हिरमुसून येत. “बोलू देत न्हाईत कुणी,” म्हणत.

भावाभावांची भांडणं मात्र त्यांच्याइतकी कुणाला मिटवता येत नसत, आणि त्यासाठी ते काहीच करत नसत. मडकं कुणी धरायचं यावरून बापाच्या मढ्यापाशी दोघं भाऊ हमरीतुमरीवर आले की मामंजी शेजारी कडब्यावर आडवे होत. “तुमचं ठरू द्या. ठरलं की मला उठवा,” म्हणून डोळे मिटत. समोर एक निजलेला, बाजूला दुसरा निजलेला. भांडणाऱ्यांनाच थोड्या वेळाने कसंनुसं होई.

मग ते दिवस आले. निजामाचं राज्य राहतं की जातं, या धाकात गाव रिकामं होऊ लागलं. रात्री कुठून जाळ दिसे, सकाळी शेजारच्या दाराला कुलूप. लोक कनेरगावचा नाका ओलांडून वाशिमकडे, वऱ्हाडात जात होते. आमचीही गाडी जुंपली. मामंजींनी बैलांना पाणी पाजलं, सामान चढवलं आणि ‘चला’ म्हणून ओट्यावर बसले. यजमानांनी विनवण्या केल्या. ते म्हणाले, “म्या दमलो बाबा. माझ्यानं एवढ्या दूर होत न्हाई.” सासूबाई रडल्या, तेव्हा त्यांनी खरं कारण सांगितलं. “समदेच चालले. जे ऱ्हातील त्यायच्यातलं कुणी गेलं तं त्याच्या घरचं माणूस इथं येऊन उभं ऱ्हाईल. अन् दुकान बंद.”

आम्ही गेलो. नाक्यावरचा कारकून गाड्या उलथ्यापालथ्या करून तपासत होता. माझ्या पाटल्या पिठाच्या डब्यात होत्या आणि माझा जीवही तिथेच होता. त्याने आमचं वरचं गाठोडं सोडलं. आत कोरं पांढरं कापड, सुतळी, कापूर, गुलाल, सगळं एका माणसाला पुरेल असं बांधून ठेवलेलं. कारकुनाने हात झटकला, धुवायला पाणी मागितलं आणि गाडी तशीच पुढे हाकायला सांगितली. हे मामंजींनी मुद्दाम केलं होतं का, असं मी पुढे विचारलं. ते म्हणाले, तिकडंबी माणसंच ऱ्हातात, म्हणून दिलं. आणि वऱ्हाडात ते एकाच्या कामी आलंच.

भादव्यात फौजा आल्या, राज्य गेलं, आणि काही दिवसांनी आम्ही परतलो. मामंजी पोत्यावर पडलेले होते. फळ्यांवर एक वार कापड उरलं नव्हतं. त्यांच्या शेजारी कबरस्तानाजवळ राहणारे बडेमियाँ बसले होते. कबरी खोदणं हे त्यांच्या घराण्याचं काम, जसं आमचं आमच्या. गावात चार खांदे मिळेनासे झाले तेव्हा हे दोघे म्हातारे एकमेकांची माणसं पोहोचवत होते. मामंजी खड्ड्याची माती ओढायचे, बडेमियाँ नदीवर लाकडं वाहायचे. आता वारं फिरलं होतं. पळून गेलेली माणसं रागाने गावात परतत होती आणि मुसलमान मोहल्ल्यातली दारं बंद झाली होती. ज्यांनी जाळपोळ केली ते केव्हाच पळाले, मागे उरलेले भीतीने घराबाहेर पडत नव्हते.

अशात एका सकाळी एक म्हातारी ओट्यावर येऊन उभी राहिली. हाक नाही, काही नाही. मामंजी उठून बसले. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. “भाई, बडेमियाँ नहीं रहे,” एवढंच म्हणाली. ताप होता, दोन्ही मुलं कुठे परांगदा झाली होती, आणि उचलायला माणूस नव्हता.

मामंजींनी सुतळी मोजायला घेतली आणि ती तशीच खाली ठेवली. फळीवर कापड नव्हतं. सासूबाई आत गेल्या आणि दसऱ्यासाठी आणलेली कोरी धोतरजोडी घेऊन आल्या. यजमान दाराशी आडवे आले. “बाबा, दिवस कसे हायेत? लोक काय म्हणतील?”

“लोकायला सांग, दुकान हाय,” मामंजी म्हणाले. “दुकानात गिऱ्हाईक आलं.” आणि निघाले. यजमान वहाणा घालून मागोमाग गेले.

पुढचं मला यजमानांनीच सांगितलं. मोहल्ल्यातली दोन माणसं कशीबशी बाहेर निघाली आणि चौघांनी जनाजा उचलला. चौकात काही तरुण पोरं काठ्या घेऊन उभी होती. त्यातला एक पुढे झाला आणि काहून नेऊन राहिले म्हणून विचारू लागला. मामंजींनी जनाजा रस्त्यातच खाली ठेवायला लावला आणि शेजारी मातीत बसले. त्यांना खरोखरच धाप लागली होती. चांगला दम घेतल्यावर त्यांनी त्या पोराकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “तुझ्या बापाला म्या नेलं व्हतं. ओझं जड व्हतं त्याचं. आज माझ्यानं होईना. जरा खांदा दे.”

यजमान सांगत की त्यांनी आपला अंत त्या क्षणी पाहिला. पोरगं काठी दुसऱ्याच्या हातात देऊन मामंजींच्या जागी वाकलं. मामंजी मागून हळूहळू चालत कबरस्तानापर्यंत गेले. रिकाम्या खांद्याने मयताबरोबर चालताना यजमानांनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर मामंजी फार दिवस राहिले नाहीत. मार्गशीर्षात, दुपारी जेवण झाल्यावर पोत्यावर पडले होते. मी चहा घेऊन गेले तर ते उठले नाहीत. मी हलवलं, सासूबाईंनी हलवलं. मग आम्हाला कळलं.

तोवर आमच्या घरी अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना तोंडपाठ होतं, आणि त्या दिवशी कुणालाच काही सुचेना. यजमान कोयता घेऊन बांबूपाशी बसले आणि नुसते बसूनच राहिले. बाहेर ओट्यावर माणसं जमली होती. कुणीतरी गाडीतून बांबू आणले. कुणी कडबा आणला, कुणी कोरं कापड. बडेमियाँची म्हातारी ओंजळभर गुलाब पदरात घेऊन आली आणि दाराशी ठेवून गेली. चौकातलं ते पोरगं आत आलं, यजमानांच्या हातातला कोयता त्याने काढून घेतला आणि म्हणालं, “दादा, आज तुमी बसा.”

आमच्या दुकानातलं त्या दिवशी काहीच लागलं नाही. आम्हाला फक्त रडायचं काम उरलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना रडताना पाहिलेली आम्ही माणसं, पण आम्हाला ते नीट येत नव्हतं.