उद्घाटनाआधीची घंटा

सत्तरच्या दशकात आमच्या पेठेनं एक प्रथमोपचार पथक काढलं होतं आणि मी त्याच्या भगिनी विभागाची प्रमुख होते. विभागात मी एकटीच, त्यामुळे शिस्तीचा प्रश्न कधी आला नाही. बाकी सगळे पुरुष: चादरींचे व्यापारी, कारकून, माझ्याच शाळेतले काही मास्तर. दर रविवारी शाळेच्या मैदानात खाकी कपडे चढवून आमची कवायत चाले. निम्मा वेळ सलाम ठोकण्यात जाई आणि उरलेल्या वेळात आम्ही एकमेकांच्या धडधाकट हातापायांना बँडेज बांधत असू. खराखुरा जखमी समोर आला की मात्र प्रत्येकाला आधी अध्यक्षांना विचारावंसं वाटे.

अध्यक्ष निवृत्त मामलेदार होते. माणूस वाईट नव्हता. फक्त एखादी गोष्ट रीतसर झाली नाही, तर त्यांच्या लेखी ती झालेलीच नसे.

अशात एका कारखानदारानं पथकाला रुग्णवाहिका दिली. व्हॅन जुनीच, पण पांढरा रंग देऊन नवी केलेली. दोन्ही बाजूंना त्यांच्या दिवंगत वडिलांचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत होतं, की ‘रुग्णवाहिका’ हा शब्द मागच्या चाकापाशी दाटीवाटीनं बसवावा लागला होता. टपावर पितळी घंटा होती आणि तिची दोरी आत, ड्रायव्हरच्या डोक्यापाशी लोंबत असे.

उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते ठरलं. मंत्र्यांनी तारीख दिली, पुढे ढकलली, पुन्हा दिली, पुन्हा ढकलली. तोवर गाडी मैदानात मांडवाखाली उभी. मागच्या दाराला लाल फीत बांधलेली आणि किल्ली अध्यक्षांच्या देवघरात, हळदकुंकू लावून ठेवलेली. त्या काळात रुग्ण आले की आम्ही त्यांना टांग्यात बसवून द्यायचो. टांगा मैदानावरून जाताना रुग्णसुद्धा मान वळवून त्या गाडीकडे बघत जायचा. माझा जीव जळायचा. बैठकीत बोलले, तर अध्यक्ष म्हणाले की बाई, उतावीळपणा बरा नव्हे.

ऐन उन्हाळ्यातल्या एका दुपारी शाळेमागच्या गल्लीतली किराणा दुकानवाली बाई धावत माझ्याकडे आली. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला दुधनीहून माहेरी आली होती. आदल्या रात्रीपासून कळा देत होती, बाळ आडवं होतं आणि सुईणीनं हात टेकले होते. मोठ्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोघंही जातील, असं तिनं स्पष्ट सांगितलं होतं. पोरीला टांग्यात बसवत नव्हतं. झोपवून न्यायला सगळ्या पेठेत एकच गाडी होती, आणि ती मंत्र्यांची वाट बघत होती.

आम्ही दोघी अध्यक्षांच्या घरी गेलो. ते वामकुक्षी आटोपून चहा घेत होते. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी बाईला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि मग शांतपणे अडचण समजावली. आज फीत कापली तर मंत्र्यांनी काय कापायचं? देणगीदार काय म्हणतील? पत्रिका छापून झालेल्या. बाई पाण्याचा तांब्या हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

“पोरगी मरंल की हो माजी,” एवढंच ती म्हणाली.

अध्यक्षांनी मान हलवली, पण ते जागचे उठले नाहीत. मग मी म्हणाले, फीत कापायचीच नाही. गाठ सोडायची आणि परत आल्यावर होती तशी बांधायची. त्यांचा चेहरा एकदम खुलला. ही तोड रीतसर होती. सोवळं नेसून त्यांनी देवघरातून किल्ली काढली, आणि ती माझ्या हातावर ठेवताना एक अट घातली: घंटा वाजवायची नाही. पहिली घंटा मंत्र्यांच्या हातची, पत्रिकेत तसं छापलेलं होतं.

ड्रायव्हर आज्ञाधारक होता. बाजाराच्या रस्त्यावर सुताच्या हातगाड्या, टांगे, सायकली, मध्येच बसलेली गुरं, आणि त्यातून आम्ही गुपचूप चाललो होतो. कुणी हटायला तयार नव्हतं. एक हातगाडीवाला तर गाडीवरचं नाव सावकाश वाचायला रस्त्यातच थांबला. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून एकेकाला ‘जरा बाजूला होता का’ म्हणून विनवत होता. आत पोरीनं माझं मनगट गच्च धरलं होतं. आधी ती ओरडत होती, मग नुसती कण्हायला लागली आणि मग तेही थांबलं. मी आयुष्यात इतकी कधी घाबरले नव्हते. पथकात शिकलेल्या बँडेजच्या सगळ्या गाठी मला पाठ होत्या, आणि त्यातली एकही कामाची नव्हती.

बाईनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती उठली, ड्रायव्हरच्या खांद्यावरून हात पुढे घातला आणि दोरी ओढली. ड्रायव्हर म्हणाला की साहेबांची मनाई आहे. दवाखान्याचं फाटक येईपर्यंत ती घंटा वाजवत राहिली. बाजार पटापट दुभंगत गेला, हातगाड्या गटारात उतरल्या, गुरंसुद्धा उठली.

पोट फाडून मुलगी काढावी लागली. दोघी वाचल्या. आणखी उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाई तिथंच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली. मीही रडले.

दुसऱ्या दिवशी पथकाची तातडीची बैठक झाली. घंटा वाजल्याचं सगळ्या पेठेनं ऐकलेलं, तेव्हा नाकारता येईना. बऱ्याच चर्चेनंतर एकमतानं ठरलं, की त्या दुपारी झाली ती वाहनाची चाचणी. चाचणीला उद्घाटन म्हणत नाहीत. चाचणी समाधानकारक झाल्याबद्दल अध्यक्षांनी आभार मानले, आणि मी फीत पुन्हा बांधली.

मंत्री आले तोवर ते बाळ मान धरायला लागलं होतं. मांडव भरलेला, बँड लागलेला. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की आजवर कुणाचा हात न लागलेली ही गाडी आज आपण जनतेच्या सेवेला देत आहोत. मंत्र्यांनी फीत कापली. ते दोरीकडे वळले, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं दुकानवाली उठली आणि नातीला खांद्यावर घेऊन थेट गाडीपाशी गेली. तिला अडवायचं काम भगिनी विभागाचं होतं. मी जागची हलले नाही.

“साहेब, ती घंटा हिच्यासाटी म्या कवाच वाजवली हाय,” ती म्हणाली.

अध्यक्षांचा चेहरा उतरला. मंत्री मात्र मुरलेले होते. त्यांनी फोटोग्राफरकडे एक नजर टाकली, तोंडभर हसले आणि बाळाला घ्यायला दोन्ही हात पुढे केले. बाईनं पोरीला छातीशी ओढून घेतलं.

“तवा घंटेला हात लावू नगा म्हनले,” ती म्हणाली. “आता तुमी हिला लावू नगा.”

आणि ती मांडवातून निघून गेली. मीही खाकी टोपी खुर्चीवर ठेवून तिच्यामागे निघाले. मंत्री मागे घंटा वाजवत होते, फोटो नीट येईना म्हणून पुन्हा पुन्हा. रस्त्यावर कुणी बाजूला झालं नाही, कारण गाडी जागेवरच उभी होती.