त्या सकाळी घंटा वाजलीच नाही

ओड्रून आमच्या ऑफिसात आली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. त्याआधी ती किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रात बसून मासेमारीच्या बोटींशी बोलायची. ते केंद्र बंद झालं आणि होल्मवोग नगरपालिकेनं तिला कॉम्प्युटर सांभाळायला घेतलं. काम ती शिकली, पण बोलणं रेडिओवरचंच राहिलं, तुटक आणि मोजकं. दुपारी खिडकीशी उभी राहून तपकिरी चीज लावलेला पाव खायची. कुणाची फार विचारपूस करायची नाही. पहिली दोन वर्षं मला ती घमेंडखोर वाटायची.

मी तिथं नर्स. आमच्या बेटावर म्हातारी माणसं लांबलांबच्या घरांत एकेकटी राहतात. प्रत्येकाच्या मनगटावर एक बटण असतं. कुणी पडलं, छातीत दुखलं, की ते दाबायचं. हाक आमच्या तळघरातल्या एका पेटीकडे येते आणि तिथून ऑफिसच्या नेटवर्कवरून वर ड्यूटीच्या खोलीतल्या तीन कॉम्प्युटरांवर. घंटा वाजली की आम्ही गाडी काढतो.

फेब्रुवारीतला सोमवार होता. रात्रभर बर्फाचं वादळ चाललं होतं, मुख्य भूमीकडे जाणारा पूल बंद होता. पहाटे वीज एकदोनदा जाऊन आली होती. मी कामावर आले तेव्हा दोन कॉम्प्युटर नेटवर्कवर दिसत नव्हते. तिसरा बॅटरीमुळे चालूच राहिला होता. पडद्यावर सगळी नावं हिरवी.

"आज बरं शांत आहे," मी ओड्रूनला म्हटलं. "सकाळपासून एकही घंटा नाही."

ती टेबलाखाली वाकून वायर बघत होती. उठली आणि तिसऱ्या पडद्यासमोर येऊन उभी राहिली. माउस हलवून पाहिला, पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ वाचली.

"अगं, हा पडदा गोठलाय," ती म्हणाली. "हे हिरवं दिसतंय ना, ते पहाटेचं आहे. वीज गेल्यापासून इथं काही आलेलंच नाही."

मला आधी कळलंच नाही. मग उमगलं. घंटा वाजली नव्हती, कारण ती आमच्यापर्यंत पोचतच नव्हती.

आमचा प्रमुख रांगवाल्ड धावत आला. "किती वेळ लागेल दुरुस्तीला?"

"माहीत नाही."

"अंदाजे तरी सांग."

"माहीत नाही म्हणूनच सांगते, माझ्यावर थांबू नकोस. सगळ्यांना फोन लाव. जो उचलणार नाही त्याच्या दारात माणूस पाठव."

"या वादळात? मुली रस्त्यात अडकल्या तर?"

"मग बर्फ हटवणाऱ्या नांगरगाडीवाल्याला सांग. रांगवाल्ड, वाद नंतर घाल."

तो फोनकडे वळला. आम्ही पाचजणी नावं वाटून घेऊन फोन करत सुटलो. ओड्रून तळघरात गेली.

तिथं तिचा पहिला अंदाज चुकला. तिला वाटलं, वीज जातायेता पेटीच जळली. त्या पेटीला पडदा नसतो, नुसते दिवे. तिनं लॅपटॉप जोडून हाक मारली, पेटी बोलली नाही. तिनं कपाटातली नवी पेटी काढली, जुनीच्या जागी बसवली, सगळ्या जोडण्या पुन्हा केल्या. यात तास गेला. नवी पेटीही नेटवर्कवर दिसेना.

मी खाली कॉफी घेऊन गेले तेव्हा ती जमिनीवर बसली होती.

"तास फुकट घालवला मी," ती म्हणाली. "वर काय चाललंय?"

"बहुतेकांनी फोन उचलला. तिघांकडे गाड्या गेल्यात. एकटा हालवार्ड राहिलाय."

हालवार्ड म्हणजे खाडीपलीकडचा मेंढीवाला. कानानं जवळजवळ बहिरा.

"त्याचं काय?"

"तो कधीच फोन उचलत नाही गं. शुक्रवारीच भेटले त्याला, ठणठणीत होता. त्याचा रस्ताही बुजलाय. त्याला शेवटी ठेवलाय."

 ती कॉफी तशीच ठेवून वर आली आणि नेटवर्कवर न दिसणाऱ्या एका कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता उघडून बघायला लागली. प्रत्येक कॉम्प्युटरला सुरू होताना असा एक पत्ता मिळतो, घराच्या नंबरासारखा. तो आमच्या ऑफिसचा नव्हताच.

"हे मी आधी बघायला हवं होतं," ती स्वतःशीच म्हणाली. मग मला म्हणाली, "या इमारतीत दुसरंच कुणीतरी पत्ते वाटतंय. वीज आल्यावर सगळ्यांनी नव्यानं पत्ता मागितला, आणि पेटीला नि या तिघांना त्यानं भलताच देऊन टाकला. म्हणून जुन्या पत्त्यावर कुणी कुणाला सापडत नाही."

"कोण वाटतंय?"

"तेच शोधायचंय. तू इथंच थांब. फोन कानाला लाव आणि पडदा बघत राहा."

ती खाली गेली. तळघरातल्या कपाटात इमारतीतल्या सगळ्या वायरी एकत्र येतात. तिनं एकेक उपटायला सुरुवात केली. एक उपटायची, मला कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायला लावायची.

"दिसतंय?"

"नाही."

पुढची.

"आता?"

"नाही."

बाहेर वारा खिडक्या हलवत होता. माझ्या मागे रांगवाल्ड येरझारा घालत होता. एकदा तो थांबून म्हणाला, "हालवार्डकडे पाठवायला हवं होतं का रे देवा." 

"आता?"

पडदा उघडला. पत्ता आमचा होता.

"ओड्रून, आला. बरोबर आला."

"ही वायर खालच्या हॉलची," ती म्हणाली. "जुनी पेटी परत जोडते. कुणी काही दाबू नका."

मिनिटभर काही झालं नाही. मग तिन्ही कॉम्प्युटरांवर एकदमच घंटा सुरू झाली. उत्तर मिळेपर्यंत ती बटणं हाक मारत राहतात. पडद्यावर एकच नाव लाल होतं. हालवार्ड.

मीच गेले. नांगरगाडीत ड्रायव्हरशेजारी बसून, समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नसताना. घरात चूल थंड होती. तो गोठ्यात सापडला. पहाटे चारा टाकायला गेला आणि घसरून पडला होता, पाय मांडीशी वाकडा झालेला. मेंढ्या त्याला चिकटून बसल्या होत्या. त्या उबेवरच तो टिकला. मला बघून कुजबुजला, "बटण मोडकं दिलंत मला."

"बटण चांगलं होतं," मी त्याच्या कानाशी ओरडले. "आम्हीच बहिरे होतो."

पूल बंद, म्हणून बचावबोटीनं त्याला पलीकडे इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड जोडलं. दोन बोटं मात्र गेली, थंडीनं.

म्हातारी माणसं दुपारी जमतात त्या खालच्या हॉलमध्ये फुलदाणीमागे एक छोटी वायफायची डबी सापडली. तीच पत्ते वाटत होती. आजी-आजोबांना नातवंडांशी पडद्यावर बोलता यावं म्हणून आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या सुनिवानं शुक्रवारी घरून आणून लावली होती. हालवार्डचं कळल्यावर ती पोर रडून रडून अर्धी झाली. नोकरी सोडते म्हणाली.

"सोडून काय होणार?" ओड्रून म्हणाली. "तू दोनदा इंटरनेट मागितलं होतंस, मी पुढं ढकललं. बस इथं, जेव." त्याच आठवड्यात तिनं हॉलला वेगळी लाइन ओढून दिली.

पण तिची झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. एकदा सांगत होती, रेडिओवर एखादी बोट ठरल्या वेळी बोलली नाही तर आम्ही लगेच उठायचो. इथं पेटी तासन्तास गप्प होती आणि पडदा हिरवा. रांगवाल्डच्या मागे लागून तिनं ते बदलून घेतलं. आता पेटी दर मिनिटाला आपण आहोत असं कळवते, आणि ते आलं नाही तर खोलीत भोंगा वाजतो. पहिल्या महिन्यात तो फुकटच तीनदा बोंबलला. रांगवाल्ड वैतागला. "बोंबलू दे," ती म्हणाली.

हालवार्ड उन्हाळ्यात काठी टेकत घरी परतला. मेंढ्या विकाव्यात म्हणून त्याच्या लेकीनं खूप विनवलं. त्यानं निम्म्या विकल्या. ओड्रून अधूनमधून रविवारी त्याच्याकडे जाते. तो बहिरा आणि ती अबोल, त्यामुळे दोघं तासभर काहीच न बोलता कॉफी पीत बसतात, असं त्याची लेक सांगते.