बायकोची इंग्रजीची शिकवणी

माझ्या बायकोची नोकरी मी घालवली. तीही लागायच्या आधीच.

मुलगी कॉलेजात गेली आणि सुनंदाला वाटलं, आता आपणही घराबाहेर पडावं. गौलीगुड्यात आमच्या मागच्याच गल्लीतल्या शाळेत, ऑफिसात एक जागा निघाली. अट एकच, इंग्रजी व्याकरणाची लेखी परीक्षा.

"अहो, दिलसुखनगरला पंधरा दिवस क्लास लावू का?"

"नक्को! मी काय मेलोय का?" (बी.ए.ला इंग्रजीत मला पस्तीस मार्क होते. उगाच जास्त कशाला!)

कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारातून मी व्याकरणाचं पुस्तक आणलं. दुकानदार म्हणाला, "पूरी हल करी हुई है साब, आपको तकलीफच नक्को!" खरंच, प्रत्येक गाळलेल्या जागेत कुणीतरी पेन्सिलीने उत्तर लिहून ठेवलं होतं. घबाडच की! पुस्तक तिला दिसणार नाही असं धरायचं आणि भुवया चढवून विचारायचं, बस्स!

"आय एन्जॉय... पुढे?"

"कुकिंग."

मी हळूच पेन्सिलीचं उत्तर पाहिलं. "चूक! टू कुक!"

"पण कानाला कुकिंगच बरं वाटतंय हो."

"कानाचं काय काम? इथं डोकं लागतं!"

बिचारी प्रत्येक 'चूक' दहा-दहा वेळा लिहून काढायची. इन्फिनिटिव्ह झाले, जेरंड झाले, विशेषणांचा तर मी फडशाच पाडला!

सुनंदा नापास झाली. जागा दुसऱ्या बाईंना मिळाली.

"पेपरात सगळीकडे आधी बरोबर लिहिलं होतं," ती म्हणाली. "मग तुमचं आठवलं, आणि खोडलं."

मुलीने पुस्तक ओढून घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. (मी तिथवर कशाला जातोय!) तिथे लाल शाईत कुणा मास्तरांचा शेरा होता: एकूण एक उत्तर चूक, उद्या वडिलांना घेऊन येणे!

सुनंदा माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती भाजी निवडायला बसली. तिला येत होतं हो, सगळं येत होतं! अजून आठवलं की जीव चुटपुटतो.

दुसऱ्या दिवशी ती दिलसुखनगरला जाऊन क्लासात नाव घालून आली. मी मान खाली घालून सोबत होतो. फॉर्मवर एक रकाना होता, 'यापूर्वी इंग्रजी कोणाकडे शिकलात?'

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि रकाना कोरा सोडला. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझी एवढी अब्रू तिने कधीच राखली नव्हती!