भरीत घोटत नाहीत

धुळ्याला माझ्या मोठ्या नणंदेच्या घरी हँड ब्लेंडर जळला आणि दोष माझ्यावर आला. तो मी तेव्हा घेतला नाही, आजही घेत नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावात मी घरोघर फिरून ब्लेंडर विकत असे. ठोक व्यापाऱ्याशी तास-तास भांडून माल उचलायचे आणि प्रत्येक घरात वरण नाहीतर ताक घोटून दाखवायचे. सासरी हे कुणाला आवडत नव्हतं. नणंदेला मी अक्का म्हणायचे, त्या मला माघारी फेरीवाली म्हणायच्या. तरी पहिलं मशीन त्यांनीच मागून नेलं, तेही मी खरेदीला घेतलं त्याच भावात. ते कसं वापरायचं हे मी सांगत होते, तेव्हा अक्का शेजारणीला आपल्या नव्या पडद्यांचं कौतुक ऐकवत होत्या.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या गल्लीतल्या सहा बायकांनी मशीनं मागवली. पिशवी घेऊन मी एस.टी.ने धुळ्याला गेले. सहाही जणी अक्कांच्या स्वयंपाकघरात बसलेल्या होत्या आणि मधोमध पाटावर जळलेलं मशीन ठेवलेलं होतं. आदल्या दिवशी भरीत करताना त्यातून धूर निघाला होता. मी खोटा माल विकते, हे मी पोहोचायच्या आधीच ठरून गेलं होतं. इथून पिशवी भरलेली परत गेली, तर धुळ्यात मला कुणी दारात उभं केलं नसतं.

अक्का म्हणाल्या, "हाई तुनंच बोलनं शे, बठ्ठं घोटस. मग घोट ना आता."

बठ्ठं घोटस, म्हणजे सगळं घोटतं. हो, मी म्हटलं होतं. प्रत्येक दारात म्हणत होते.

माझं डोकं तापलं, पण हात शांत ठेवले. मशीन उलटं केलं. पात्याभोवती वांग्याच्या शिरा दोऱ्यासारख्या आवळून बसल्या होत्या आणि त्यांत एक अख्खा देठ अडकला होता. चिमट्याने तो ओढून मी पाटावर ठेवला. पातं अडकलेलं, तरी अक्कांनी बटण सोडलं नव्हतं. मोटर जळेल नाहीतर काय होईल?

मग मी बायकांना विचारलं, "वरण काय करतात?"

"घोटतात," एक जण म्हणाली.

"आणि भरीत?"

कोपऱ्यातली म्हातारी हसली. "भरीत ठेचतस, माय. बडगीमा."

खानदेशात लाकडी बडगीत मुसळीने वांगी ठेचतात, हे काय मी अक्कांना शिकवायचं? घोटायचं ते बठ्ठं हे मशीन घोटतं. ठेचायचं ते नाही.

पिशवीतलं नवं मशीन काढलं. अक्कांच्याच कुकरमधली डाळ जरा निवू दिली, उंच पातेल्यात निम्मीच ओतली. पातं डाळीत पूर्ण बुडवलं, मगच बटण दाबलं. थोडं फिरवलं, थांबवलं, पुन्हा फिरवलं. पातं थांबल्याशिवाय वर उचललं नाही, त्यामुळे ओट्यावर एक थेंब उडाला नाही. काही अडकलं तर आधी पिन काढायची, मग हात लावायचा. बटण बंद आहे म्हणून बोट घालायचं नाही. धुताना फक्त खालची दांडी, मोटरला ओलं फडकंसुद्धा पिळूनच. हे सगळं मी अक्कांकडे बघूनच सांगितलं, सावकाश, जसं त्यांना पहिल्यांदा सांगितलं होतं.

चौघींनी मशीनं घेतली. दोघी अक्कांच्या तोंडाकडे बघत उठून गेल्या.

घर रिकामं झाल्यावर अक्कांनी जळकं मशीन माझ्यासमोर सरकवलं. तू घरातलंच माणूस आहेस, एक नवं ठेवून जा, म्हणाल्या. सगळ्यांसमोर मला खोटी पाडताना मी घरातली नव्हते.

"सहाही जणींना सांगा, चूक तुमची होती. लगेच ठेवते."

त्यांनी जळकं मशीन परत आपल्याकडे ओढलं. उरलेली दोन मशीनं पिशवीत घालून मी बसस्टँडवर आले. अक्का माझ्याशी अजून बोलत नाहीत. न बोलोत.